कॅडिलॅकच्या मागे घर: जुन्या अमेरिकी मोटारी अडीच टनांचा ट्रेलर कशा ओढत?

गेल्या उन्हाळ्यात माझे मामा आमच्याकडे मिशिगनला राहायला आले होते. सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात, ऊस वाहतुकीच्या कामावर, त्यांची उभी नोकरी गेली. एका शनिवारी सरोवराकाठच्या कॅम्पग्राउंडवर आमच्या शेजारच्या जागेत १९७६ सालची तपकिरी कॅडिलॅक सेडान येऊन थांबली. तिच्या मागे अॅल्युमिनियमचा, रिव्हेट मारलेला, ३१ फूट लांबीचा एअरस्ट्रीम ट्रेलर होता. म्हणजे पलंग, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेले चाकांवरचे घरच. भोवती जिकडे तिकडे पिकअप ट्रक उभे असताना एक प्रवासी मोटार हे घर ओढून आणते, याचे सगळ्यांनाच नवल वाटले. मुले बॉनेटखालचे इंजिन पाहायला पुढे धावली. मामा मात्र मागे गेले, जोडणीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "अरे, हिची पुढची चाकं उचलत कशी नाहीत?"

या विषयातला नेमका प्रश्न हाच आहे. आज ३०० अश्वशक्तीच्या सेडान मोटारी सर्रास मिळतात, पण त्यांतील अनेकींच्या माहितीपुस्तिकेत ४५० किलोच्या पुढे ट्रेलर ओढू नका, किंवा मुळीच ओढू नका, असे लिहिलेले असते. १९७६ च्या त्या कॅडिलॅकचे इंजिन ८.२ लिटरचे होते, तरी तिची जाहीर अश्वशक्ती होती फक्त १९०. मग कमी शक्तीची मोटार जास्त वजन कसे ओढत असे? "जुन्या काळचे लोखंडच वेगळे" हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे, आणि काही बाबतींत सरळ चुकीचे आहे.

## ओढणे हे त्यातल्या त्यात सोपे काम

१९४७ साली एअरस्ट्रीम कंपनीने एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात आल्फ्रेड लेतूर्नेर हा फ्रेंच सायकलपटू सायकलीला बांधलेला एअरस्ट्रीम ट्रेलर ओढताना दिसतो. हे चित्र पुढे कंपनीची ओळखच बनले. त्यात जाहिरातबाजी होती, पण फसवणूक नव्हती. सपाट, गुळगुळीत रस्त्यावर, हळू वेगाने, फिरत्या चाकांवरचे वजन ढकलायला फार थोडा जोर लागतो. बंद पडलेली जीप दोन माणसे ढकलत नेतात, तेव्हा आपण तेच पाहत असतो.

अडचण येते ती वेग आणि चढ आल्यावर. आपण हिशेबासाठी माणसे व सामान धरून २,७०० किलोची मोटार आणि २,४०० किलोचा भरलेला ट्रेलर घेऊ, म्हणजे एकूण ५,१०० किलो. सपाटीवर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना टायरांचे घर्षण आणि हवेचा रोध यांना तोंड देण्यासाठी चाकांपाशी सुमारे ४५ अश्वशक्ती लागते. वेग ११० केला की हाच आकडा दुपटीच्या वर, ९५ च्या आसपास जातो, कारण हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आता पुन्हा ८० च्या वेगावर येऊन ६ टक्क्यांचा चढ घेऊ, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर वर नेणारा. केवळ ते वजन वर उचलायला आणखी ९० अश्वशक्ती लागते. सगळे मिळून चाकांपाशी १३५ आणि गिअरबॉक्समधील व आसामधील घट धरली तर इंजिनापाशी १६०-१७०.

म्हणजे कॅडिलॅकची १९० अश्वशक्ती पुरते, पण उरत फारसे काही नाही. कोलोरॅडोत महामार्ग ७० वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा इतकी विरळ असते की कार्ब्युरेटरच्या इंजिनाची जवळपास तीस टक्के ताकद कमी होते. तिथे हीच मोटार दुसऱ्या गिअरमध्ये, उजव्या मार्गिकेतून, ट्रकांच्या रांगेत रांगत जात असे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. शिवाय १९७४ च्या जानेवारीत तेलटंचाईमुळे देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आली आणि १९८७ पर्यंत ती जवळपास सर्वत्र टिकली. जुन्या मोटारींच्या ओढण्याच्या आठवणी ऐकताना त्या बहुतांशी या वेगाच्या आठवणी आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

## मोठ्या इंजिनाचा खरा फायदा

आठ सिलिंडरांच्या त्या अवाढव्य इंजिनांचा (क्रायस्लरचे ७.२ लिटर, फोर्डचे ७.५ लिटर, कॅडिलॅकचे ८.२ लिटर) गुण त्यांच्या कमाल अश्वशक्तीत नव्हता. तो होता टॉर्कमध्ये. टॉर्क म्हणजे दांडा पिळण्याचा जोर. अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती झपाट्याने लावला जातो याचे माप. आजचे लहान इंजिन आपली ३०० अश्वशक्ती मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांवर देते. कॅडिलॅकचे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच आपला बहुतेक जोर देऊन टाकी. घोडा आणि बैल यांच्यातला हा फरक आहे. घोड्याची शक्ती कमी नसते, पण ती धावताना मिळते. नांगर ओढायचा तर जागच्या जागी रेटा लावणारा बैल लागतो. अर्थात आजच्या आठ-दहा गिअरांच्या गिअरबॉक्सने हा फरक बराचसा पुसून टाकला आहे, त्यामुळे नव्या मोटारींच्या मनाईचे कारण इंजिनात शोधणे व्यर्थ आहे.

येथे आकड्यांचा एक जुना घोळही सांगायला हवा. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या इंजिन मोकळे, म्हणजे सायलेन्सर, पंखा, अल्टरनेटर यांचे ओझे न लावता, मोजून आलेली अश्वशक्ती छापत. १९७२ पासून ती मोटारीत बसवल्यासारखी मोजू लागले. कॅडिलॅकचे हेच ८.२ लिटरचे इंजिन १९७० साली ४०० अश्वशक्तीचे होते आणि १९७६ साली १९० चे झाले. यातली काही घट प्रदूषण-नियमांमुळे खरीच झाली होती, पण मोठा वाटा केवळ मापण्याच्या पद्धतीचा होता.

## जुवावरचे ओझे

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला एक त्रिकोणी दांडी असते. तिच्या टोकाची वाटी मोटारीच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसते. बॉल आणि त्याला मोटारीशी जोडणारे सगळे सामान मिळून हिच होतो. ट्रेलरचे बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते, पण काही वजन या दांडीतून बॉलवर उभे दाबते. त्याला आपण दांडीचा भार म्हणू.

बैलगाडी भरणाऱ्याला यातले मर्म सांगावे लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त झाला की जू मानेवर दाबते आणि बैल बसतात. मधला जो बिंदू आहे, तिथे मानेवर थोडे ओझे असतेच आणि ते असावेच लागते. अमेरिकी ट्रेलरांसाठी हा थोडा भार म्हणजे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, असा संकेत आहे. आपल्या २,४०० किलोच्या ट्रेलरचा दांडीचा भार ३०० किलोच्या आसपास हवा.

हे ३०० किलो मोटारीच्या डिकीत ठेवल्यासारखे वागत नाहीत, कारण बॉल मागच्या आसाच्याही बराच मागे असतो. कॅडिलॅकच्या दोन आसांमधले अंतर ३.३ मीटर होते आणि मागच्या आसापासून बॉल सुमारे १.६ मीटरवर येतो. तरफेचा साधा हिशेब केला, तर मागच्या आसावर ३०० नव्हे तर ४४५ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून १४५ किलो कमी होतात. सी-सॉवर मागे कोणी बसले की पुढचा उचलला जातो, तसेच. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर हवेत उचललेली पश्चिम महाराष्ट्रात कोणी पाहिली नसतील? मामांनी अशी चाके शेकड्यांनी पाहिली होती, आणि एकदा त्यापायी ड्रायव्हरचा पाय गेलेलाही पाहिला होता. मोटारीची चाके ट्रॅक्टरसारखी उचलली जात नाहीत, पण हलकी होतात. हलकी झालेली पुढची चाके वळण घेताना सरकतात, ब्रेक लावताना घसरतात, आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

## लोखंडी काड्यांचा उपाय

कॅडिलॅकचे मालक, सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त सुतार, मामांना जोडणीच्या खाली हात घालून दाखवत होते. बॉलच्या बुडापासून दोन जाड, स्प्रिंगच्या पोलादाच्या काड्या निघून ट्रेलरच्या दांडीखालून मागे गेल्या होत्या. प्रत्येक काडीच्या टोकाला साखळी होती आणि ती साखळी दांडीवरच्या एका आकड्यात ताणून अडकवलेली होती. पाईपचा तुकडा तरफेसारखा वापरून ते साखळी वर खेचत आणि कोणती कडी अडकवली ते मोजत. मामांनीही मोजले: मोकळ्या कड्या चार.

या रचनेला वजन वाटणारा हिच म्हणतात, आणि जुन्या मोटारींच्या क्षमतेचे अर्धे रहस्य त्यात आहे. बांधकामावरची एकचाकी हातगाडी डोळ्यांसमोर आणा. चाक पुढे, दांड्या मागे, मधे वाळू. दांड्या सोडून दिल्या की मागचे पाय जमिनीवर बसतात. दांड्या हाताने उचलल्या की मागचे ओझे पुढच्या चाकावर सरकते. आता अशी कल्पना करा की मोटारीच्या मागच्या टोकाला हातगाडीसारख्या दांड्या लावल्या आहेत आणि त्या कोणी माणूस नव्हे, तर ट्रेलरचीच दांडी साखळीने वर उचलून धरते आहे. मोटारीचे मागचे टोक उचलले जाते, पुढच्या आसावरचे हरवलेले वजन बऱ्याच अंशी परत येते आणि थोडे वजन मागे, ट्रेलरच्या चाकांवरही जाते. दांडीचा भार नाहीसा होत नाही. तो दोन चाकांवर न बसता मोटारीच्या चार आणि ट्रेलरच्या चार चाकांत वाटला जातो.

किती ताणायचे, हे डोळ्यांनी ठरवत नाहीत. ट्रेलर जोडण्यापूर्वी चारही चाकांवरच्या कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहून ठेवतात, जोडल्यावर पुन्हा मोजतात. त्या काळची शिकवण अशी की मोटार पुढे आणि मागे सारखीच खाली बसली पाहिजे. आजचे उत्पादक जरा सावध असतात आणि पुढचे हरवलेले वजन पुरते नव्हे, तर काही ठरावीक अंशानेच परत आणा असे सांगतात. फार ताणले तर मागची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर मोटारीचे बूड बाजूला सरकते.

## "मागच्या शॉकअपमध्ये हवा भरली की झाले ना?"

ही शंका जवळजवळ प्रत्येक जण काढतो, आणि सत्तरच्या दशकात अनेकांनी तसे केलेही. हवेचे शॉकअप फुगवले की मोटारीचे बसलेले बूड वर येते, मोटार पाटासारखी सपाट दिसते आणि मालकाचे समाधान होते. पण तराजूवर नेली तर पुढचे १४५ किलो अजून गायबच असतात. आपण फक्त मागची उंची बदलली, वजन जिथल्या तिथे आहे. कमरेत वाकलेल्या हमालाला टाचेखाली वीट दिली म्हणून डोक्यावरचे पोते हलके होत नाही.

## शेपूट हलू लागते तेव्हा

ट्रेलरच्या बाबतीत सगळ्यांत भयंकर गोष्ट कोणती, असे विचारले तर अनुभवी माणूस चढाचे नाव घेत नाही, झोल्याचे घेतो. बाजूने मोठा ट्रक जातो, वाऱ्याचा झोत ट्रेलरला ढकलतो, ट्रेलर डावीकडे झुकतो, परत येताना उजवीकडे जास्त झुकतो. ठरावीक वेगाच्या खाली हा झोला आपोआप विरतो. त्या वेगाच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि तीन-चार झोक्यांत मोटार आडवी होते. तो घातक वेग किती, हे दांडीचा भार, सामानाची मांडणी, बॉल मागच्या आसापासून किती दूर आहे आणि मोटारीची लांबी यांवर ठरते. दांडीचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला, म्हणजे गाडी उलाळ भरली, की तो वेग नेहमीच्या प्रवासाच्या वेगापर्यंत खाली येतो. म्हणून पाण्याच्या टाक्या, सायकली आणि डबाबंद अन्न ट्रेलरच्या मागच्या टोकाला कोंबणे हा साधा वाटणारा निष्काळजीपणा जिवावर बेततो.

जुन्या मोठ्या मोटारींना येथे एक नैसर्गिक फायदा होता. दोन आसांमधले लांब अंतर आणि सव्वादोन टनांच्या वरचे स्वतःचे वजन यांमुळे ट्रेलरला त्यांना हलवणे जड जाई. पण त्यांच्या दोन उणिवाही होत्या. त्यांची शेपटी लांब होती, त्यामुळे बॉल मागच्या आसापासून दूर पडे आणि ट्रेलरच्या हाती लांब तरफ मिळे. शिवाय सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेकींना जुन्या आडव्या-तिडव्या धाग्यांच्या रचनेचे टायर असत, ज्यांच्या बाजू रबरी फुग्यासारख्या डुलत. त्या दृष्टीने पाहिले तर आजच्या मोटारीचा रेडियल टायर आणि तिचे सस्पेन्शन कितीतरी सरस आहे, हे जुन्या मोटारींच्या भक्तांनी मान्य करायला हवे.

झोला सुरू झाला तर काय करावे? मोटारीचा ब्रेक जोरात दाबणे ही पहिली ऊर्मी असते आणि तीच घात करते, कारण पुढची गाडी थांबते व मागची ढकलते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचे आणि डॅशबोर्डखालच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. दोरीला मागून ताण दिला की ती सरळ होते, त्याच न्यायाने.

## थांबवायचे कसे, आणि उष्णता टाकायची कुठे

ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक असतात. त्यांच्या ड्रममध्ये विजेचा चुंबक असतो, मोटारीतून आलेल्या विजेने तो चिकटतो आणि ब्रेक लागतो. जोडणी तुटून ट्रेलर सुटलाच तर एक तार खेचली जाते आणि ट्रेलरवरच्या बॅटरीने ते ब्रेक आपोआप लागतात. सुतारकाकांनी बॉलखाली दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवल्या होत्या. फुली अशासाठी की वाटी बॉलवरून निसटली तरी दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडावी. मामांनी हा प्रकार मोबाइलवर टिपून घेतला. ट्रॉलीला एका खिळीवर भरवसा ठेवणाऱ्यांना दाखवायचा म्हणून.

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे यंत्र. आपली ५,१०० किलोची जोडगोळी ६ टक्क्यांच्या उतारावरून १० किलोमीटर खाली आली, तर ती ६०० मीटर खाली उतरते. वाटेत निम्मी ऊर्जा हवा आणि टायर खातात. उरलेल्या निम्म्या ऊर्जेत अंघोळीचे दोन-अडीच बंब पाणी उकळेल, म्हणजे सुमारे ४८ लिटर. एवढी उष्णता आठ चाकांच्या ब्रेकमध्ये आणि इंजिनात मुरवायची असते. साठच्या दशकात बहुतेक मोठ्या मोटारींना चारही चाकांवर ड्रमच होते. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनिंगपासून दूर जातो, लायनिंगची पकड कमी होते आणि ब्रेकचे पॅडल मऊ, खोल जाऊ लागते. त्यावर तोड एकच होती आणि आजही तीच आहे: उतार सुरू होण्यापूर्वी खालचा गिअर टाकायचा आणि वेग इंजिनाला धरू द्यायचा. खंबाटकी उतरणारा ट्रकवाला वेगळे काय करतो?

चढाची उष्णता निराळी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांची गाठ तेलातून पडते. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसरा वाऱ्याने फिरू लागतो, पण थोडा मागे राहतो. या दोहोंच्या वेगातला फरक तेलात उष्णता म्हणून उरतो. ओझे जितके जास्त, तितके तेल जास्त तापते आणि जळलेल्या तेलाने गिअरबॉक्स बसतो. म्हणूनच कंपन्या ट्रेलर ओढण्याचे जे खास पॅकेज विकत, त्यात इंजिन तेच असे. जास्त पैसे पडत ते मोठा रेडिएटर, गिअरच्या तेलासाठी वेगळा कूलर, कडक स्प्रिंगा, मागच्या आसाचे जास्त रेटा देणारे दात, मोठा अल्टरनेटर आणि तयार वायरिंग यांचे. हे पॅकेज नसलेली आणि असलेली मोटार बाहेरून सारखीच दिसते.

## "पण जुन्या मोटारींना चॅसी होती, नव्यांना नाही"

हे अर्धे खरे आहे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्या मोठ्या मोटारींची बॉडी ट्रकप्रमाणे वेगळ्या लोखंडी चॅसीवर बसवलेली असे आणि हिच बोल्टांनी थेट तिच्यावर चढवता येई. पण क्रायस्लरने १९६० पासूनच आपल्या बहुतेक मोठ्या मोटारी चॅसीशिवाय, पत्र्याच्या एकसंध पेटीसारख्या बांधल्या आणि ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये त्या आवडत्या होत्या. आजची जीप ग्रँड चेरोकीही एकसंधच आहे. तिच्या अलीकडच्या काही मॉडेलांना आठ सिलिंडरांचे इंजिन व पॅकेज घेतले तर ७,२०० पौंड, म्हणजे सव्वातीन टनांच्या वर, ओढण्याची मुभा होती. एकसंध बॉडीही भार घेते, मात्र हिचचा जोर पत्र्याच्या मोठ्या भागावर पसरवायला हवा आणि तशी तजवीज रचनेतच करावी लागते. बंपरला वेल्डिंग करून बॉल लावणे हे तेव्हाही चूक होते.

## मग सेडानने ओढणे थांबले का?

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखले. १९७५ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला की कंपनीने विकलेल्या सगळ्या मोटारींची सरासरी १९७८ सालच्या मॉडेलांपासून गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल असावी. जनरल मोटर्सने १९७७ च्या मोठ्या मोटारी आखूड आणि प्रत्येकी शेकडो किलोंनी हलक्या केल्या. १९८५ मध्ये कॅडिलॅकच्या बहुतेक मोठ्या सेडानही पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या झाल्या. पुढच्या चाकांनीच ओढायचे आणि दांडीचा भार तीच चाके हलकी करणार, हे गणित जड ट्रेलरला सोयीचे नाही.

या कायद्यात ट्रकांसाठी मापदंड वेगळे आणि सैल होते. जड ओझे ओढण्याची जबाबदारी ट्रकांच्या खात्यात ढकलणे कंपन्यांना दोन्हीकडून सोयीचे झाले: मोटारींची सरासरी सुधारली आणि महाग पिकअप व सबर्बनसारख्या मोठ्या एसयूव्ही खपल्या. चॅसीवरच्या मोठ्या स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानासाठी लांब बंद जागा असलेल्या मोटारी, जनरल मोटर्सने १९९६ साली बंद केल्या. त्यांतील ब्युइक रोडमास्टरला पॅकेजसह ५,००० पौंडांची, म्हणजे सुमारे २,२७० किलोंची, मुभा होती. फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया २०११ पर्यंत चॅसी, आठ सिलिंडर आणि मागच्या चाकांचा जोर या तिन्हींसह तयार होत राहिली, पण अखेरीस तिची अधिकृत मर्यादा हजार किलोच्याही बरीच खाली उतरली होती. मोटार कमजोर झाली नव्हती. कंपनीची जोखीम घ्यायची इच्छा संपली होती. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका तपशील आहे.

युरोपात लहान मोटारीसुद्धा मोठे ट्रेलर ओढतात, त्याचे काय, असे कोणी विचारील. तिथे दांडीचा भार बहुधा ७५ ते १०० किलोंपर्यंतच ठेवतात, ट्रेलर हलके आणि वेगळ्या समतोलाचे बांधतात, आणि त्या बदल्यात वेग बांधून घेतात. जर्मनीत ट्रेलरसह साधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये ५५ मैलांची मर्यादा घालतात, पण अनेक ठिकाणी ट्रेलरवाल्यांना मोटारींइतकाच वेग मोकळा असतो. तिकडचा आकडा इकडे लागू पडत नाही.

## "माहितीपत्रकात सात हजार पौंड छापलेत, मग भीती कसली?"

सत्तरच्या दशकातील मोठ्या मोटारींच्या माहितीपत्रकांत खास पॅकेजसह ६,००० ते ७,००० पौंडांचे आकडे सापडतात, म्हणजे २,७०० ते ३,२०० किलो. ते खोटे नव्हते, पण प्रत्येक कंपनी ते आपापल्या कसोटीने ठरवत असे. सगळ्यांना एक कसोटी मिळाली ती २००८ साली, अमेरिकी मोटार अभियंत्यांच्या संघटनेने ठरवलेल्या जे-२८०७ या मानकाने. तीतली एक परीक्षा अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या घाटाची आहे: सुमारे १८ किलोमीटरचा चढ, बाहेर किमान ३८ अंश सेल्सियस तापमान, वातानुकूलन पूर्ण चालू, आणि वेग कुठेही ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ती कसोटी सर्वांत आधी स्वीकारली, तेव्हा तिच्याच टुंड्रा पिकअपचे आकडे खाली आले. ८.२ लिटरची कॅडिलॅक तीन टन मागे लावून त्या घाटात या अटी पाळू शकली असती असे मला वाटत नाही. वर केलेल्या हिशेबात तिच्याजवळ एवढी शिल्लक दिसत नाही.

शिवाय ते आकडे नव्या मोटारीचे होते. पन्नास वर्षांनंतर रबरी ब्रेकनळ्या आतून सुजतात, रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजतात, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चॅसीचा मागचा भाग, जिथे हिचचे बोल्ट येतात नेमका तोच, आतून कुजतो. बाहेरून रंग झकास असतो. सुतारकाकांनी हिच बसवण्यापूर्वी चॅसीला जागोजागी हातोडीने ठोकून आवाज ऐकला होता, दोन हातभर तुकडे कापून नवे जोडले होते, ब्रेकच्या सगळ्या नळ्या बदलल्या होत्या आणि गिअरच्या तेलाला तापमापक लावला होता. ते ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाहीत. तीन टनांचा आकडा कागदावर असला तरी ट्रेलर रिकाम्या पाण्याच्या टाक्यांसह तराजूवर नेऊन २,४०० किलोंच्या आत ठेवतात.

सोमवारी सकाळी ते निघाले. मामा त्यांच्या मागोमाग प्रत्येक टप्पा पाहत होते: वाटी बसवली, साखळ्या फुलीने अडकवल्या, काड्या ताणल्या, टेपने पुढच्या कमानीची उंची मोजली, खटक्याने ट्रेलरचे ब्रेक तपासले. कॅम्पग्राउंडच्या फाटकापर्यंत, जेमतेम अर्धा मैल, जाऊन ते पुन्हा थांबले. खाली उतरून त्यांनी ट्रेलरच्या चारही चाकांच्या हबवर एकेक करून पालथा हात ठेवला, कुठले बेअरिंग तापले आहे का ते पाहिले, आणि मग मोटार रस्त्याला लावली.